मत्राहला (मस्कत) ४ दिवस : सासूबाई, साडी आणि बाकीचे प्रश्न

कैरीपन्हं
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही तिघं ओमानला, मस्कतला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात पण कबूल करत नाहीत). दुबई नको, उंच बिल्डिंग नको, मॉल तर अजिबात नको हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. सासरे १९७८ ते १९८९ मत्राहच्या बंदरात क्रेनवर होते. दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. त्या पगारात फॅमिली नेणं शक्य नव्हतं त्यामुळे सासूबाई एकदाही तिकडे गेल्या नाहीत. सासरे गेल्या वर्षी गेले आणि आता यांचं एकच, "ते बंदर एकदा बघायचंय."
तर प्रश्न असे. सासूबाई आयुष्यभर साडीच नेसल्यात, तिकडे चालेल का की अबाया वगैरे घ्यावा लागेल? राहायचं मत्राहमध्ये की दुसरीकडे? टॅक्सीवाले कसे आहेत? गुरुवार शनिवार शाकाहार पाळतात, त्याचं काय? आणि अरबी आम्हा तिघांनाही शून्य.
शिवाय एक फोटो आहे सासऱ्यांचा, १९८१ चा. मागे वळलेला समुद्रकिनारा, पांढऱ्या माड्यांची रांग, माड्यांना लाकडी सज्जे, आणि टोकाला कातळावर किल्ल्यासारखं काहीतरी. ती जागा सापडली तर तिथे उभं राहून फोटो काढायचा बेत आहे.

रुवीचा_रघू
या या, स्वागत. मी इथे १९ वर्षं आहे, त्यातली १४ रुवीत, म्हणून हे नाव.
राहायचं म्हणाल तर तुमचं कारण बघता मत्राहच्या कॉर्निशवरच (समुद्राकाठचा रस्ता) राहा. हॉटेलं जुनी आहेत, चकाचक काही नाही, पण सकाळी खिडकी उघडली की समोर बंदर. फक्त बुक करताना लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, फोटो बघून विश्वास ठेवू नका. रुवी तिथून गाडीने दहा मिनिटं, आणि रुवी म्हणजे काय, दादरच समजा. डोसा, थाळी, डाळभात, सगळं. शाकाहाराची काळजी सोडा.
टॅक्सी नारिंगी-पांढरी असते. रस्त्यावर हात केलात तर आत बसायच्या आधी भाडं ठरवा, नंतर नाही. त्यापेक्षा ओटॅक्सीचं ॲप टाकून ठेवा, कटकट वाचते. विमानतळ सीबला आहे, मत्राहपासून पस्तीसेक किलोमीटर, तिथून पहिल्या दिवशीच घासाघीस करायची ताकद नसते माणसात. मवासलातच्या लाल बस पण चांगल्या आहेत, एसी आणि स्वस्त, पण सासूबाईंना घेऊन स्टॉपवर उन्हात उभं नका राहू.
पैशाचं एक नीट समजून घ्या. १ रियाल म्हणजे १००० बैसा. शंभर नाही, हजार. आणि रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे. दुकानदार "ओन्ली टू रियाल" म्हणतो आणि आपला माणूस दोन ऐकून खूश होतो. हॉटेलात येऊन हिशेब करतो तेव्हा बोंब.

गोगलगाय
बैसा म्हणजे आपला पैसाच ना?

रुवीचा_रघू
@गोगलगाय हो, आपलाच. १९७० पर्यंत इथे रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, गल्फ रुपी. बाकीच्यांनी त्या लवकर सोडल्या, मस्कतवाले शेवटपर्यंत धरून होते. इथले म्हातारे अजून कधीकधी रुपया म्हणतात तोंडातून.

मिरची_ताई
पन्हंताई, सर्वात महत्त्वाचं कोणी सांगितलंच नाही. खसखस!!
आखातात काही देशांत खसखस अमली पदार्थात धरतात. अमिराती आणि सौदीत तर सरळ बंदी. तुमचं विमान दुबई किंवा अबुधाबीवरून बदलणार असेल तर खसखशीचा एक दाणा बरोबर नको. मी भावाकडे मस्कतला चालले होते शारजावरून, डब्यात आईने केलेले अनारसे. मुंबई विमानतळावर चेक इन झाल्यावर भावाचा फोन, "ताई अनाऱशाला खसखस लावलीय का?" मग काय, लेडीज टॉयलेटच्या बेसिनपाशी उभी राहून बत्तीस अनारसे चमच्याने खरवडले. शेजारी एक बाई लिपस्टिक लावत होती ती माझ्याकडे बघून हळूच बाजूला सरकली. घरचा काळा मसाला, गोडा मसाला, काही वाण्यांच्या मिश्रणात पण असते, वाचून घ्या.
आणि औषधं. गुडघ्याच्या वेदनेच्या काही गोळ्यांवर (ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या) आखातात कडक नियम आहेत. डॉक्टरची चिठ्ठी मूळ प्रत, नाव छापलेलं, गोळ्या मूळ पाकिटात. सुट्ट्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत सोमवार मंगळवार करून नेऊ नका.

निवांत
बत्तीस अनारसे. हसून हसून पुरे वाट.

अण्णा_सातारकर
मग खसखशीशिवाय लागले कसे?

मिरची_ताई
@अण्णा तेलकट बिस्किटासारखे. भावाने चार खाल्ले आणि बाकीचे त्याच्या मल्याळी शेजाऱ्यांना दिले, त्यांना फार आवडले म्हणे.

तर्कट
मी जरा वेगळं बोलतो. मत्राह दोन तासांत संपतं हो. तिथला सूक (जुना बाजार) म्हणजे क्रॉफर्ड मार्केटला छप्पर. पश्मिना म्हणून जे विकतात ते आपल्याकडूनच जातं, मी एक शाल उलटी केली तर लेबल पानिपतचं. चार दिवस तिथे काढण्यापेक्षा एक दिवस निझवाचा किल्ला, एक दिवस वादी शाबची घळ करा. आणि हो, तुम्हाला बंदर बघायचंय, पण ते बंदर आता बंदर राहिलंच नाहीये. २०१४ मध्ये मालवाहतूक सगळी सोहारला हलवली. आता क्रूझची जहाजं आणि सुलतानची यॉट. क्रेन बघायला जाल तर निराश व्हाल.

दर्यावर्दी
तर्कटराव, ७२ वर्षांच्या बाईंना वादी शाबला पाठवताय? होडीतून उतरून पाऊणएक तास दगडगोट्यातून चालायचं आणि मग पोहायचं असतं तिथे. गुडघे वाचलेत ना?
मी मर्चंट नेव्हीत होतो, ऐंशीच्या दशकात पोर्ट सुलतान काबूसला, म्हणजे या मत्राहच्याच बंदराला, चार-पाच वेळा लागलोय. (हे बंदर १९७४ चं, त्याआधी मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर.) त्यामुळे पन्हंताई, तुमच्या सासऱ्यांनी कदाचित आमचंच जहाज रिकामं केलं असेल, कोण जाणे.
फोटोतली जागा मी सांगतो. लाकडी सज्जांच्या पांढऱ्या माड्या म्हणजे सूर अल-लवातिया. लवाती लोकांची जुनी वस्ती, हे मूळचे सिंध-कच्छकडचे, घरात अजून त्यांची वेगळी भाषा बोलतात. टोकाचा कातळ म्हणजे मत्राहचा किल्ला. दोन्ही एका रांगेत, किनारा वळलेला, म्हणजे फोटो मासळीबाजाराच्या बाजूने काढलाय, बंदराच्या गेटाकडून. बहुतेक ड्यूटी सुटल्यावर. गेटाच्या आत आता जाता येणार नाही, पण मासळीबाजारापाशी उभं राहिलं की तोच कोन मिळेल. बाजाराची इमारत नवी आहे, २०१७ ची, त्यामुळे पाठ तिच्याकडे करा.
एक विनंती, लवातियाच्या कमानीतून आत घुसू नका. ती लोकांची घरं आहेत. बाहेरून बघा, फोटो बाहेरून काढा.

कैरीपन्हं
दर्यावर्दीकाका!! आत्ता सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या "गेटाकडूनच असणार, त्यांना चालायचा कंटाळा होता."

निवांत
😄

रुवीचा_रघू
काकांना अनुमोदन. तर्कटच्या एका मुद्द्याला पण, सूकमधली शाल घेऊ नका. घ्यायचा तर लोबान (इथे लुबान म्हणतात). तो दक्षिण ओमानातल्या धोफारचा, सलालाकडचा. हिरवट झाक असलेला मोठा खडा म्हणजे होजरी, तो महाग, पिवळा-तपकिरी स्वस्त. दुकानदाराला जाळून दाखवायला सांगा, दाखवतात. आणि हलवा. केशर, गुलाबपाणी, तूप, साखर, स्टार्च, चमच्याने खायचा, आपल्या माहीमच्या हलव्याशी काही संबंध नाही. खंजीर घेतलात तर चेक इनच्या बॅगेत हं, हातात नको.
सूकची वेळ : सकाळी ९ ते १, मग चारपर्यंत सामसूम, मग रात्री ९-१० पर्यंत. शुक्रवारी सकाळी बंद. ज्या दिवशी क्रूझ लागलेली असते त्या सकाळी जाऊ नका, दोन हजार गोरे एकदम उतरतात आणि भाव पण चढतात. खिडकीतून बघायचं, धक्क्यावर पांढरी इमारत तरंगतेय का, असेल तर संध्याकाळी जायचं.

अण्णा_सातारकर
घासाघीस किती करायची?

रुवीचा_रघू
मंडईसारखी नाही. आधी सलाम, मग "कैफ हालक", तब्येत, घरचे, ऊन. मग वस्तू. शेवटी किंमत. थोडं खाली येतात, निम्म्यावर नाही. आल्या आल्या "लास्ट प्राइस बोलो" म्हटलं की माणूस तोंड फिरवतो. आणि एक, इथले बरेचसे जुने ओमानी दुकानदार हिंदी मस्त बोलतात, तेव्हा त्यांच्यासमोर मराठीत शिव्या देताना पण जपून, अर्ध्या कळतात.

तर्कट
अवांतर, पण सांगतोच. मत्राहचा किल्ला, मस्कतचे जलाली आणि मिरानी, तिघंही पोर्तुगीजांनी आजचं रूप दिलेले, सोळाव्या शतकाच्या शेवटी. १५०७ मध्ये आल्बुकर्क आला, तोच तीन वर्षांनी गोव्यात. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफने त्यांना हाकललं. त्याची एक दंतकथा आहे. नरोत्तम नावाचा बनिया किल्ल्याला रसद पुरवायचा. पोर्तुगीज सरदाराने त्याच्या मुलीला मागणी घातली, नाही म्हटलं तर धंदा बंद. नरोत्तम म्हणाला ठीक, लग्नाला वेळ द्या, दरम्यान किल्ल्यातलं पाणी शिळं झालंय, धान्याला कीड आहे, तोफेची दारू सर्दावलीय, सगळं काढून नवीन भरतो. काढलं. भरलं नाही. आणि इमामाला निरोप धाडला. खरं किती ते सोडा, पण वसई आपल्या हातात यायच्या नव्वदेक वर्षं आधी मस्कत मोकळं झालेलं होतं.

निवांत
थोडक्यात कॉन्ट्रॅक्टरने मेंटेनन्सच्या नावाखाली किल्ला पाडला. परंपरा जुनी आहे.

गोगलगाय
अरबी शून्य म्हणता पण मराठी माणसाला निम्मी येते हो. हिशेब, बाकी, तारीख, वकील, मुक्काम, किल्ला, कायदा. मी तिथे हॉटेलात पैसे दिले आणि सवयीने मराठीतच म्हटलं "बाकी?" तर पोऱ्याने सुट्टे आणून दिले. अरबीतही बाकीच.

दर्यावर्दी
@गोगलगाय आणि आमच्या कोळीवाड्यातला नाखवा म्हणजे त्यांचा नोखदा. मूळ फारसी, पण दोन्ही किनाऱ्यांवर तोच माणूस. मासळीबाजारात गेलात तर कनअद विचारा, म्हणजे सुरमई. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पकडायला बंदी असते, जानेवारीत भरपूर. ऊमा म्हणजे तारली, ती वाळवून गुरांना घालतात, हे ऐकून माझ्या बायकोचा जीव कळवळला होता.

मिरची_ताई
गुरांना?? तारली??

अण्णा_सातारकर
कॉफीचं सांगतो. ओमानी घरी किंवा दुकानात कहवा देतात, वेलचीचा, बिनसाखरेचा, कानटोपीएवढ्या छोट्या कपात, बरोबर खजूर नाहीतर हलवा. घ्यायचा उजव्या हाताने. संपला की ते परत भरतात. संपला की परत. मी सभ्यपणा म्हणून सात कप प्यायलो, रात्रभर छताकडे बघत पडलो. नंतर कळलं, पुरे झालं की कप परत देताना हातात थोडा हलवायचा. तोंडाने नको म्हणायची गरजच नाही.

निवांत
अण्णा, कानटोपी कुठल्या मापाची तुमच्याकडे?

अण्णा_सातारकर
अंगुस्तान म्हणायचं होतं. टायपायला बसलो की असं होतं.

आजी_ऑनलाईन
अरे पोरांनो, तिने पहिला प्रश्न साडीचा विचारला होता. खसखस झाली, पोर्तुगीज झाले, तारल्या झाल्या, साडीचं कोणी बोलेना. पुरुष जास्त जमले की असंच.
मी १९८६ ते २००४ मस्कतला शाळेत शिकवत होते. अठरा वर्षं रोज साडी. सूकमध्ये साडी, बँकेत साडी, कोणी कधी वळून बघितलं नाही. मुंबईतल्या लोकलमध्ये जास्त त्रास झालाय. अबायाची सक्ती परदेशी बाईला नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं. तेव्हा सासूबाईंनी खुशाल साडी नेसावी, ब्लाऊज जरा लांब बाह्यांचं, बस.
फक्त सुलतान काबूस मशिदीत साडी चालणार नाही. तिथे मनगटापर्यंत, घोट्यापर्यंत आणि डोकं, सगळं झाकलेलं लागतं. पोट-पाठ दिसली तर दारातून परत पाठवतात. मोकळा पंजाबी ड्रेस आणि ओढणी, किंवा दारात भाड्याने अबाया मिळतो तो साडीवरून घालायचा. मुसलमान नसलेल्यांना सकाळी ८ ते ११ एवढंच, शुक्रवारी नाही. आठला पोचा, अकराच्या गर्दीत गुडघे घेऊन जाऊ नका. आत चटई नाही, २१ टनांचा एकच गालिचा आहे, इराणात विणलेला, चार वर्षं लागली. आणि बाहेरचा दगड आपल्याकडचा, भारतातून ३ लाख टन वालुकाश्म नेला होता.
देवळाचं पण कोणी सांगितलं नाही. जुन्या मस्कतला राजवाड्याजवळ शिवमंदिर आहे, शंभर वर्षांहून जुनं, कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांचं. दारसैतला कृष्णमंदिर, ते रुवीपासून जवळ. सोमवारी शंकराला नेऊन आणा त्यांना.
अजून एक विचारते, नाही सांगितलंत तरी चालेल. तेव्हा रूमवर आठ-दहा जण राहायचे आणि पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. तुमच्याकडे आहेत का?

कैरीपन्हं
आजी, साडीसाठी साष्टांग.
हो, आहेत. ११ कॅसेटी. टेप बिघडलाय पण नवऱ्याने दोन-तीन मोबाईलवर घेतल्यात. सासरे बोलतात कमी आणि थांबतात जास्त. "बाळूची फी भरली का. इकडे बरं आहे." मग बराच वेळ काही नाही, मागे पंखा, आणि मधेच जहाजाचा भोंगा. सासूबाई म्हणतात लहानपणी माझा नवरा त्या भोंग्यालाच बाबा म्हणायचा.

दर्यावर्दी
…

तर्कट
बरं. निझवाचं मागे घेतो. चार दिवस मत्राहलाच राहा.

रुवीचा_रघू
दोन शेवटच्या सूचना, मग गप्प बसतो. पाऊस पडला तर गाडीवाल्याला वादी ओलांडू देऊ नका, कितीही "माफी मुश्किल" (काही अडचण नाही) म्हणाला तरी. कोरडा नाला असतो आणि डोंगरात पडलेलं पाणी दहा मिनिटांत येतं. २००७ च्या गोनू वादळात मी इथेच होतो, गाड्या काडेपेटीसारख्या वाहताना बघितल्यात. दुसरं, प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा लागतो. आणि तारखा पुढे ढकलल्यात तर रमझान कधी आहे ते बघा, दिवसा बाहेर खाणंपिणं चालत नाही, पाणीसुद्धा.

निवांत
धाग्याची वाचनखूण साठवली.

कैरीपन्हं
आलो मंडळी. म्हटलं आधी इथे लिहावं, बॅगा नंतर.
अनारसे नेले नाहीत. ओटॅक्सी छान चाललं, एकदाच रस्त्यावरची घेतली आणि त्या एकदातच दुप्पट पैसे गेले, भाडं ठरवायचं विसरलो, चूक आमचीच. मशिदीत सासूबाईंनी नऊवारी नाही पण सहावारीवर अबाया चढवला आणि आरशात बघून म्हणाल्या, रेनकोट बरा यापेक्षा.
मासळीबाजारापाशी गेलो पहिल्याच सकाळी. काका, कोन अगदी बरोबर होता. सज्जे तेच, किल्ला तोच, मधे आता गाड्यांची रांग. फोटो काढला. त्या तासभर कठड्यावर बसून होत्या. क्रूझ सुटत होती, तिने भोंगा दिला. म्हटलं आता रडणार. तर म्हणाल्या, "हा तसा नाही. तो जाड होता." आणि मग सुरमई बघायला चला म्हणाल्या, वार रविवार होता.
सूकमध्ये एक म्हातारे लोबानवाले, त्यांच्याशी हिंदीत गप्पा जमल्या. सासरे बंदरात होते म्हटल्यावर त्यांनी सासूबाईंना स्टूल दिलं, कहवा दिला. सासूबाईंनी दोन कपांनंतर कप असा हलवला की जन्मभर तिथेच राहिल्यात. अण्णा, तुमची शिकवणी.

आजी_ऑनलाईन
बरं केलंत. देवळात गेलात?

कैरीपन्हं
हो आजी, सोमवारी. आत मोबाईलने फोटो काढू दिला नाही, ते बरंच झालं.

अण्णा_सातारकर
लोबान केवढ्याला दिला?

कैरीपन्हं
होजरी पाव किलो, पाच सांगितले, चारला दिले. सासूबाई अजून म्हणतात तीनला दिला असता, तूच आधी पाकीट काढलंस.